पालखी, चढण आणि बंद बटण: हिल असिस्टचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहान वाहतूकदाराची ही गोष्ट. गावाचं नाव, माणसांची नावं आणि गाड्यांच्या कंपन्या मुद्दाम गाळल्या आहेत. मी चालकांना शिकवतो आणि अशा लहान मालकांच्या गाड्या वर्षातून दोनदा तपासून देतो. या प्रकरणात माझाही एक हात आहे, तो पुढे येईलच.

शेठकडे चार ट्रक. दोन जुने सहाचाकी, त्यांच्याबद्दल इथे बोलायचं नाही. उरलेले दोन दहाचाकी, दोन्ही बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आल्यानंतर घेतलेले. एक साध्या गिअरचा, तो तात्या चालवतात. तात्यांनी तीस वर्षं स्टिअरिंग धरलंय, त्यातली बरीच आंबा घाटात आणि परशुराम घाटात गेली. दुसरा ट्रक एएमटी, म्हणजे क्लचचं पेडल नसलेला. तो एका सत्तावीस वर्षांच्या पोराकडे असतो. सगळे त्याला धाकटा म्हणतात, मीही तेच म्हणतो.

काम ठरलेलं. मालधक्क्यावरून सिमेंट उचलायचं, खाडीकाठच्या आणि सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळी पठारावरच्या, दुकानदारांना पोचवायचं, येताना मिळाले तर जांभ्याचे चिरे भरायचे. पुढचं सगळं समजायला कोकणची ही रचना डोळ्यांसमोर हवी. खाडीवरचा पूल समुद्रसपाटीला, आणि पूल संपला की रस्ता उठतो तो थेट सड्यावर. मध्ये दोन-तीन वळणं, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दगडी गडगा आणि त्याखाली आंब्याची कलमं. महामार्गाचं ठीक आहे, कशेडीत बोगदे झाले. या आतल्या रस्त्यांना कोणी बोगदा देणार नाही. इथली चढण छोटी असते, पण कडक असते, आणि समोरून एसटी आली तर ट्रकला चढणीतच थांबावं लागतं.

दोन्ही दहाचाकींत हिल असिस्ट आहे. आपल्याकडे कोणी हिल होल्ड म्हणतं, कोणी नुसतं ‘बटण’. ब्रेकवरून पाय काढला तरी यंत्रणा चाकांच्या ब्रेकमधली हवा दोन-तीन सेकंद अडवून ठेवते. तेवढ्यात पाय अ‍ॅक्सिलरेटरवर न्यायचा आणि गाडी उचलायची. हवेच्या ब्रेकच्या ट्रकमध्ये बहुतेक वेळा हे काम एबीएसच्याच, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्याच, व्हॉल्व्हकडून आणि त्याच्याच कंट्रोलरकडून करून घेतलेलं असतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यावर येणार आहे.

त्या दिवशी काय झालं

गेल्या शिमग्यात तात्या गावी गेले. घरी पालखी येणार असेल तर रत्नागिरीतला माणूस कामावर सापडत नाही आणि सापडूही नये. एएमटी गाडी नेमकी सर्व्हिसिंगला गेली होती. सिमेंटचा एक फेरा अडला होता. शेठनी धाकट्याला तात्यांची गाडी घेऊन जायला सांगितलं. धाकटा सात महिने एएमटीच चालवत होता, त्याआधीची तीन वर्षं साध्या गिअरवर. म्हणजे क्लच त्याला नवा नव्हता.

पूल ओलांडून तो चढणीला लागला. दुसऱ्या वळणाच्या वर एका वाडीतून पालखी निघाली होती आणि ती रस्ता ओलांडून खालच्या घरांकडे जात होती. ढोल, निशाण, मागेपुढे दीडदोनशे माणूस. धाकट्याने गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला. मागे आंब्याच्या पेट्या भरलेली एक पिकअप येऊन थांबली, जेमतेम पाच फुटांवर. पालखीला दहा-बारा मिनिटं लागली. तेवढ्या वेळात चार-पाच मुलं ट्रक आणि पिकअपच्या मधल्या सावलीत येऊन बसली होती. ढोल पुढे सरकला तशी ती उठून धावली.

माणसं बाजूला झाल्यावर एकाने हात केला. धाकट्याने क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, फुटब्रेक दाबला, हँडब्रेक सोडला. इथपर्यंत सगळं बरोबर. मग त्याने ब्रेकवरचा पाय उचलून अ‍ॅक्सिलरेटरवर ठेवला, आणि क्लच सोडायला सुरुवात केली ती निवांत, तीन सेकंद हाताशी असल्यासारखी.

गाडी त्याच क्षणी मागे यायला लागली. त्याने घाबरून क्लच झटक्यात सोडला, इंजिन बंद पडलं, आणि मग पाय ब्रेकवर गेला. तोवर ट्रकचा मागचा भाग पिकअपच्या बोनेटला लागला होता. बोनेट, एक दिवा आणि जाळी गेली, वर बांधलेल्या चार-पाच पेट्या खाली आल्या. माणसाला काही झालं नाही. ती मुलं उठून गेली होती म्हणून, एवढंच.

नंतर मी त्याच जागी चढ मोजला. साधारण १० टक्के निघाला, म्हणजे दर दहा मीटरला एक मीटर वर. या दहाचाकीचं मालासकट परवानगीचं वजन २८.५ टन, आणि गाडी जवळपास तेवढी भरलेली होती. अशा चढावर तिला मागे ओढणारं बल पावणेतीन टनांच्या आसपास येतं. ब्रेक सुटला आणि इंजिनाने पकडलं नाही, तर पहिल्या सेकंदात ती दीड फूट मागे येते, दोन सेकंदांत सहा फूट, तीन सेकंदांत तेरा फूट. पिकअप पाच फुटांवर होती. धाकट्याला दोन सेकंदही मिळाले नाहीत.

गाडीत काय सापडलं

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठचा फोन आला. “सर, ते बटण फेल गेलं. कंपनीला नोटीस काढतो.” मी म्हटलं, आधी गाडी बघू.

गाडीत बसून चावी फिरवली आणि पहिली गोष्ट दिसली ती म्हणजे बटणच बंद होतं. या गाडीत डॅशबोर्डावर हिल असिस्टचा स्विच आहे आणि तो जसा ठेवाल तसाच राहतो. तात्यांनी गाडी ताब्यात घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात तो बंद केला होता. त्यांचं कारण मी नंतर ऐकलं आणि मला ते अजिबात वेडगळ वाटलं नाही. गाडी उचलताना ब्रेक आपल्या हाताबाहेर सुटतो, कधी सुटणार ते कळत नाही, आणि त्यामुळे इंजिनाचा सूर ऐकू येत नाही, असं ते म्हणाले. “बटण काय धरील? धरतो तो हात.”

धाकट्याच्या एएमटीत ती यंत्रणा कायम चालू असते. स्विचचा प्रश्नच नाही. तात्यांच्या गाडीत बसल्यावर स्विच बघायचा असतो, हे त्याच्या मनात आलंच नाही.

इथे थांबलो असतो तर अहवाल एका ओळीचा झाला असता. मी स्विच चालू केला आणि गाडी रिकामीच एका उतारावर उभी केली. ब्रेक दाबला, सोडला. हिल असिस्टचा दिवा लागला नाही, गाडी लगेच हलली. म्हणजे शिमग्याच्या दिवशी बटण चालू असतं तरीही तेच झालं असतं. डॅशबोर्डावर एबीएसचा पिवळा दिवा मात्र लागलेला होता. चावी फिरवल्यावर तो लागतो आणि सगळं ठीक असेल तर विझतो. हा विझत नव्हता.

मी शेठना विचारलं, हा दिवा कधीपासून? “तो पावसाळ्यापासून आहे. ब्रेक तर लागतात की.”

ब्रेक लागतात, ते खरं. एबीएस बंद असलं तरी साधा ब्रेक लागतोच. पण एबीएसवर बेतलेलं बाकी सगळं गप्प बसतं, आणि हिल असिस्ट त्यातलंच. उजव्या मागच्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सर चाकासोबत फिरणाऱ्या दातेरी कड्यापासून मागे सरकला होता. तो बुशमध्ये नुसता दाबून बसवलेला असतो. बेअरिंगला ढिलाई आली की फिरणारं कडं त्याला थोडं थोडं मागे ढकलतं. त्यावर सड्याची लाल माती, पावसाळ्याचा चिखल, खाडीकाठची खारट हवा, आणि वर घासलेली वायर. बेअरिंग कसलं, सेन्सर हाताने कड्याला टेकेपर्यंत आत सरकवला, वायरला नवं आवरण घातलं. काही किलोमीटर गेल्यावर दिवा विझला. अर्ध्या दिवसाचं काम.

आता माझा हात. जानेवारीत मीच ही गाडी तपासली होती. माझ्या कागदावर माझ्याच अक्षरात लिहिलंय: ‘एबीएस दिवा चालू, बघून घ्यावे.’ एवढंच. तो दिवा म्हणजे हिल असिस्टही बंद, हे मी लिहिलं नाही, शेठना तोंडीही सांगितलं नाही. बघून घ्यावे म्हटलेलं कोणी बघत नाही, हे मला वीस वर्षांत कळायला हवं होतं.

एकाच नावाच्या दोन गोष्टी

या प्रकरणात मी सगळ्यात जास्त वेळ धाकट्याशी बोलण्यात घालवला. त्याची चूक निष्काळजीपणाची नव्हती. तो फुटब्रेक दाबायला विसरला नाही, गिअर चुकला नाही. त्याने एका गाडीत शिकलेला भरवसा दुसऱ्या गाडीत नेला.

एएमटीत क्लच असतो. हे मी जिथे जिथे सांगतो तिथे निम्मे चालक माझ्याकडे संशयाने बघतात. पेडल नसतं, पण आत साध्या गिअरच्या गाडीत असते तशीच कोरडी क्लचप्लेट असते, आणि ती दाबायचं-सोडायचं काम गिअरबॉक्सचा कंट्रोलर करतो. चढणीवर गाडी उचलताना तो कंट्रोलर आणि ब्रेकचा कंट्रोलर आपसात बोलतात. इंजिनाने पुरेसा जोर धरलाय, प्लेट पकडलीय, असं दिसलं की ब्रेकची हवा सुटते. चालकाचं काम एकच: पाय पटकन अ‍ॅक्सिलरेटरवर नेणं आणि तो ठामपणे दाबणं. म्हणून धाकट्याच्या अंगात मुरलं होतं की ब्रेक सोडल्यावर गाडी थांबते आणि दाबलं की जाते.

साध्या गिअरच्या गाडीत बोलणी करायला दुसरं कोणी नसतं. प्लेट किती पकडली हे फक्त डाव्या पायाला कळतं. तिथे हिल असिस्ट बहुतांशी घड्याळावर चालतं: दोन-तीन सेकंद धरलं, सोडलं. त्या वेळात क्लच पकडीच्या जागेवर आला नसेल तर गाडी मागे येते, यंत्रणा पूर्ण चांगली असली तरी.

उलटं प्रकरण एएमटीतही झालं होतं, आणि ते कोणी मोजलं नव्हतं. फेब्रुवारीत आंबा घाटात ट्रॅफिक अडकलं होतं. धाकटा दर दहा-पंधरा फुटांना थांबत होता, आणि थांबताना ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर हलका दाबून गाडी चढणीवर अधांतरी धरत होता. रिक्षावाले हाफ क्लचवर धरतात तसं. थोड्या वेळाने बझर वाजला, क्लच तापल्याचा संदेश आला, आणि केबिनमध्ये तो वास. तेव्हा गाडी बाजूला घेऊन, न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून वीस मिनिटं थंड केली आणि तो पुढे गेला. शेठना सांगितलं नाही. मी विचारल्यावर कळलं. साध्या गाडीत हाफ क्लचवर धरलं तर पाय दुखतो आणि माणूस कंटाळून ब्रेक लावतो. एएमटीत पाय दुखत नाही, प्लेट गुपचूप जळते.

म्हणजे दोन गाड्यांत एकाच नावाचं बटण, पण त्या तीन सेकंदांत माणसाने करायचं काम वेगळं. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. गाडी घेताना शोरूमवाल्याने तासभर फेरी मारवली होती, तीही सपाट रस्त्यावर.

समोर असलेले पर्याय

तात्या परत आल्यावर शेठच्या ऑफिसात चौघे बसलो. ऑफिस म्हणजे वखारीच्या कोपऱ्यातलं टेबल. तिथे जे बोललं गेलं ते जवळपास तसंच देतो.

शेठचा पहिला विचार सरळ होता: पिकअपची भरपाई धाकट्याच्या पगारातून. मी विरोध केला. तो बरा पोरगा आहे म्हणून तर केलाच, पण आणखी एक कारण होतं. पगारातून कापलं तर पुढच्या वेळी कोणीच काही सांगणार नाही. फेब्रुवारीतला क्लचचा वास लपवला गेला तो याच भीतीने. लागलेल्या दिव्याचा अर्थ काय हेही असंच न सांगता राहिलं होतं, आणि न सांगणारा मी होतो.

दुसरा पर्याय, ज्याची गाडी त्यानेच चालवायची. कागदावर हा सगळ्यात सुरक्षित. पण चार गाड्यांच्या धंद्यात कोणाचं लग्न, कोणाचं बारावं, गणपती आणि शिमगा हे सगळं येतंच. अदलाबदल बंद करणं म्हणजे गणपतीत धंदा बंद ठेवणं.

तिसरा तात्यांचा: बटणाचा भरवसा दोन्ही गाड्यांत बंद, सगळ्यांनी हँडब्रेकवरच उचलायची. हँडब्रेक ओढलेला, क्लच हळूहळू सोडायचा, इंजिनाचा सूर जड झाला, केबिन किंचित उचललं गेलं की हँडब्रेक सोडायचा. “गाडी आधी कमरेला कळते, मग डोळ्याला.” साध्या गाडीसाठी ही पद्धत आजही अव्वल आहे. पण एएमटीत ती जशीच्या तशी लागू होत नाही. हँडब्रेक ओढून अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहिलं तर कंट्रोलर प्लेट पकडवायला बघतो, ब्रेक अडवतो, आणि मधल्या मध्ये प्लेट घासते. काही गाड्या तर हँडब्रेक ओढलेला असताना उचलूच देत नाहीत. तात्यांना हे पटायला वेळ लागला, आणि पूर्ण पटलं असं मी म्हणणार नाही.

चौथा मी मांडला. यंत्रणा दोन्ही गाड्यांत चालू ठेवायची, पण ती पार्किंगचा ब्रेक नाही हे पक्कं धरून एकच नियम करायचा, जो दोन्ही गाड्यांत चालेल. आणि नियम सांगायचा नाही, करून घ्यायचा.

पाचवा मुद्दा शेठचाच, आणि तो चांगला होता. क्लीनर परत ठेवायचा, चढणीला थांबलं की त्याने उतरून चाकामागे दगड लावायचा. पूर्वी प्रत्येक गाडीत असायचा. आता क्लीनरचा पगार परवडत नाही आणि माणूसही मिळत नाही. अर्धा पर्याय आम्ही ठेवला: दोन्ही गाड्यांत लाकडाचे दोन-दोन तिरके ठोकळे, आणि गाडी सोडून खाली उतरायचं असेल तर ठोकळा लागलाच पाहिजे.

काय केलं

वर सड्यावर एक बंद पडलेली चिरेखाण आहे. तिच्यात उतरायचा रस्ता कडक चढाचा, बाजूला कोणी नाही, खाली मोकळी जागा. मालकाला विचारून दोन रविवार ती वापरली. पहिल्या रविवारी दोन्ही गाड्या रिकाम्या, दुसऱ्या रविवारी अर्ध्या भरलेल्या. मागे तीस फुटांवर चिऱ्यांची एक रांग लावली, तिच्याकडे बघूनच सगळ्यांना शिस्त आली.

नियम असा ठरला. थांबणं काही सेकंदांचं असेल तर फुटब्रेक दाबून ठेवायचा, जायचं झालं की पाय उचलायचा आणि हिल असिस्टवर निघायचं. त्याहून जास्त थांबायचं असेल तर हँडब्रेक, चर्चा नाही. आणि हँडब्रेकवरून निघताना आधी फुटब्रेक ठाम दाबायचा, मग हँडब्रेक सोडायचा, हिल असिस्टचा दिवा लागला का ते बघायचं, मगच फुटब्रेकवरचा पाय हलवायचा. दिवा लागला नाही तर पाय हलवायचाच नाही. साध्या गाडीत मग त्या दिवशी तात्यांची पद्धत.

या क्रमातली मधली पायरी खाणीत सगळ्यांकडून चुकत होती. तात्यांकडूनसुद्धा. सवयीने माणूस हँडब्रेक सोडतो आणि उजवा पाय थेट अ‍ॅक्सिलरेटरवर नेतो. फुटब्रेक दाबलाच नाही तर चाकांच्या ब्रेकमध्ये अडवायला हवाच नसते. यंत्रणेला काय धरायचं तेच कळत नाही. मी स्वतः हे इतक्या ठळकपणे त्या खाणीतच पाहिलं.

एएमटीसाठी आणखी दोन गोष्टी. भरलेली गाडी कडक चढावर उचलताना निघायचा गिअर कंट्रोलरवर सोडायचा नाही. लिव्हर मॅन्युअलला टाकून पहिला स्वतः निवडायचा, कारण कंट्रोलर वजन आणि चढ बघून कधीकधी वरचा गिअर निवडतो, आणि कडक चढावर तो जड पडतो. आणि ट्रॅफिकमध्ये पुढच्या गाडीला चिकटून इंच इंच सरकायचं नाही. पुढे ट्रकभर जागा मोकळी होऊ द्यायची, मग एकदाच उचलायची. धाकट्याने हे एका फेऱ्यात शिकून घेतलं.

साध्या गाडीसाठी त्याने उलटं शिकायचं होतं: फुटब्रेक दाबलेला असतानाच क्लच पकडीच्या जागेवर आणायचा, इंजिनाचा सूर उतरला की मग पाय हलवायचा. तीन सेकंद हे क्लच शोधण्यासाठी नाहीत, पाय बदलण्यासाठी आहेत. तात्या शेजारच्या सीटवर बसले होते. धाकटा म्हणाला, “तात्या, तुम्ही सांगा कधी सोडू.” तात्या म्हणाले, “मी कशाला सांगू? गाडी सांगते. गप बस आणि ऐक.” चौथ्या वेळी त्याला ऐकू आलं.

रोजच्या तपासणीच्या वहीत एक ओळ वाढवली: चावी फिरवल्यावर कोणते दिवे विझले नाहीत. नुसतं ‘दिवा’ नाही, कोणता आणि कधीपासून. एबीएसचा दिवा लागलेला असेल तर त्या दिवशी हिल असिस्ट नाही असं धरूनच चालवायचं, हे वहीच्या पुठ्ठ्यावर आत चिकटवलं. आणि तात्यांच्या गाडीतल्या स्विचवर शेठनी लाल पट्टी लावली. बंद केला तर दिसतो.

निकाल

पिकअपवाल्याची भरपाई विम्यात न जाता रोखीत मिटली. तो ओळखीचाच निघाला. त्याचं खरं दुःख बोनेटचं नव्हतं, त्या दिवशी वाशीला जायच्या पेट्यांचं होतं. पहिल्या पेट्यांचा भाव परत येत नाही. शेठनी पेट्यांची किंमत त्याने सांगितली तीच दिली, घासाघीस केली नाही. धाकट्याच्या पगारातून काही कापलं नाही.

मे अखेरीस मी परत गेलो तेव्हा दोन्ही गाड्यांचे दिवे विझलेले होते. पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, तात्यांच्या गाडीचा एबीएसचा दिवा पुन्हा लागला, पण यावेळी दुसऱ्या दिवशी वहीत आला आणि तिसऱ्या दिवशी विझला. एएमटीतला बझर गणपतीच्या गर्दीत एकदा वाजला. धाकट्याने स्वतः फोन करून सांगितलं. क्लचप्लेट अजून पहिलीच आहे.

तात्यांचं बटण? चालू असतं. ते मात्र आजही हँडब्रेकवरच गाडी उचलतात. आम्ही त्यांना अडवत नाही.

आज पुन्हा करायचं तर

जानेवारीचा तो कागद पुन्हा लिहिता आला तर मी दिव्याऐवजी परिणाम लिहीन: ‘चढणीवर गाडी मागे येईल, दुरुस्त होईपर्यंत भरलेली गाडी या मार्गावर नको.’ हे वाचून शेठनी त्याच आठवड्यात मेकॅनिक बोलावला असता, याची मला खात्री आहे.

गाडी बदलताना, मग ती एका दिवसापुरती का असेना, पाच मिनिटं दोन चालक एकत्र केबिनमध्ये बसतील अशी अट मी सुरुवातीलाच घालायला हवी होती. तात्या आदल्या संध्याकाळीच निघून गेले होते, चावी खिळ्याला टांगलेली. ते समोर असते तर “बटण मी बंद ठेवतो बरं का” एवढं तरी बोलले असते.

पिकअप पाच फुटांवर का होती, हा प्रश्न आम्ही पुरेसा धरला नाही असं मला अजून वाटतं. चढणीवर उभ्या ट्रकच्या मागे माणसाने निदान एका गाडीएवढी जागा सोडावी. ते पिकअपवाल्याला कोण सांगणार? शेठनी दोन्ही ट्रकच्या मागे लिहून घेतलंय: ‘चढणीत मागे अंतर ठेवा.’ वर आई-वडिलांचा आशीर्वाद होताच, त्याखाली.

धाकट्याला विचारलं, तू स्वतः काय वेगळं केलं असतंस. त्याने बराच विचार केला. म्हणाला, “मागे पोरं बसली होती ती मला आरशात दिसली होती, सर. त्यांना तेव्हाच उठवायला हवं होतं. हँडब्रेक ओढलाय म्हणून मी काही बोललो नाही.”